जामीन मंजूर, जामीनदार नाही: कोकणातल्या एका खलाशाचं प्रकरण

१२ जूनला कोर्टाने जामीन मंजूर केला आणि २८ ऑगस्टला माणूस तुरुंगाबाहेर आला. मधल्या अडीच महिन्यांत त्याच्यावर नवा गुन्हा दाखल झाला नाही, जामिनाच्या आदेशाला कुणी आव्हान दिलं नाही, तपासासाठीही तो कुणाला लागला नाही. तरी तो आत होता. हे प्रकरण त्या अडीच महिन्यांचं आहे.

आधी एक खुलासा. हा खलाशी म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. किनाऱ्यावरच्या न्यायालयीन बंद्यांच्या, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच तुरुंगात असलेल्यांच्या, बाबतीत पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टी जुळवून हे प्रकरण मांडलं आहे. यातली माणसं, रकमा आणि घटनांच्या तारखा त्या मांडणीपुरत्या आहेत. कायद्याची कलमं, सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय आणि कोकणातल्या जमिनीच्या कागदांची अवस्था मात्र जशी आहे तशीच दिली आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडचं एक बंदर. तालुक्याचं कोर्ट हाकेच्या अंतरावर, कारागृह मात्र शंभर किलोमीटरहून लांब. आपला खलाशी चोवीस वर्षांचा, उत्तर प्रदेशातला, याच बंदरावर तिसरा हंगाम करणारा. ऑगस्टमध्ये मालकाकडून उचल घेतलेली, मे अखेरीस हिशेब व्हायचा होता. हिशेबावरून वाजलं. मालक म्हणाला उचल फिटलेली नाही, हा म्हणाला उलट माझेच पैसे निघतात. दोन दिवसांनी नौकेवरच्या दोन बॅटऱ्या आणि डिझेलचा कॅन गायब झाल्याची तक्रार झाली. एक बॅटरी भंगारवाल्याकडे सापडली आणि त्याने या खलाशाकडे बोट दाखवलं. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ खाली नोंदला गेला: नोकराने मालकाच्या ताब्यातल्या मालाची केलेली चोरी, शिक्षा सात वर्षांपर्यंत.

चोरी त्याने केली की नाही, हे मला ठाऊक नाही आणि या लेखापुरता तो प्रश्नही नाही. तो प्रश्न खटल्याचा. मालकाचं नुकसान खरं आहे. डिझेल आणि बर्फाचा खर्चही निघत नाही अशा फेऱ्या पदरी घेणाऱ्या छोट्या मालकाला दोन बॅटऱ्या किरकोळ नसतात. त्याला न्याय मिळायला हवा म्हणजे आरोपी तारखांना हजर राहायला हवा आणि खटला चालायला हवा. जामिनाच्या अटींचा हेतू एवढाच आहे.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक सरसकट करायची नाही, गरज काय ते लेखी नोंदवायचं, असं अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ३५ मध्ये नोटीस देऊन बोलावण्याची सोय आहे. इथे अटकेचं कारण लिहिलं गेलं: परप्रांतीय, कायमस्वरूपी पत्ता नाही, पळून जाण्याची शक्यता. दोन दिवस पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, आणि रवानगी कारागृहात. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळाला. कोठडीतल्या माणसाला तो मोफत मिळतोच, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ ने. वकिलांनी अर्ज केला, कोर्टाने तो ऐकला आणि १२ जूनला आदेश झाला: २५,००० रुपयांचा जातमुचलका, म्हणजे हजर राहण्याची स्वतःची लेखी हमी, आणि तितक्याच रकमेचा एक सक्षम स्थानिक जामीनदार.

‘सक्षम स्थानिक जामीनदार’ हे शब्द आदेशात जवळपास सवयीने येतात. पुढचं सगळं त्या तीन शब्दांमुळे घडलं.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मे संपता संपता नौका वर ओढतात, शाकारतात, आणि खलाशी गावी निघतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात बंदर मोकळं होतं. ज्यांच्यासोबत तो तीन हंगाम एका नौकेवर झोपला, जेवला, ते सगळे नेपाळ, उत्तर प्रदेश, कर्नाटकच्या वाटेला लागलेले. तांडेल, म्हणजे नौकेचा म्होरक्या, दोन महिन्यांसाठी सासरी. मालक तर स्वतः फिर्यादी. म्हणजे ज्या महिन्यात कोर्टाने याला ओळखणारा माणूस मागितला, त्याच महिन्यात त्याला ओळखणारं बंदरावर जवळपास कुणी नव्हतं. कुणाची चूक नव्हे, समुद्राचं वेळापत्रक तसं आहे. पण ते कोर्टाच्या विचारात कुठेच नाही.

बापाची गावी दीड बिघा जमीन आहे. परजिल्ह्यातला जामीनदार केवळ परजिल्ह्यातला म्हणून नाकारता येत नाही, हे मोती राम प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७८ सालीच स्पष्ट केलं होतं. मोती राम गवंडी होता. मध्य प्रदेशातल्या कोर्टाने त्याच्याकडे १०,००० रुपयांचा जामीन मागितला आणि त्याचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याची हमी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. इतक्या वर्षांनंतरही गवंड्याच्या जागी खलाशी आहे, एवढाच काय तो फरक. बाप येऊ शकला नाही. येण्याजाण्याचं भाडं, कागदांची पडताळणी होईपर्यंत इथे राहण्याची सोय आणि तिकडची लावणी सोडून येणं, तिन्ही त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं.

मग कागदोपत्री जे व्हायला हवं ते बरंचसं झालं, हे मुद्दाम सांगायला हवं. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जामीन मिळूनही आत राहिलेल्यांसाठी सविस्तर निर्देश दिले. जामिनाच्या आदेशाची प्रत कोर्टाने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहाकडे पाठवायची. अधीक्षकांनी जामिनाची तारीख ई-प्रिझन्स प्रणालीत भरायची. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिवांनी विधी स्वयंसेवक किंवा वकील पाठवून अडचण समजून घ्यायची. महिन्याभरात हमीपत्र भरलं गेलं नाही तर कोर्टाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण असल्याने तशी अट घालू नये. आपल्या प्रकरणात प्रत गेली, नोंद झाली, सातव्या दिवशी कळवलंही गेलं. जूनअखेर विधी स्वयंसेवक कारागृहात जाऊन त्याला भेटला. ‘बंदरावर कोण ओळखतं?’ या प्रश्नाला त्याने एकच नाव सांगितलं: खानावळवाल्या मावशी.

मावशी कोळीवाड्यातल्या. त्यांच्या खानावळीत तो तीन हंगाम जेवला. त्या लगेच तयार झाल्या. म्हणाल्या, ‘पोराची माझ्या वहीत एक पै बाकी नाही. मी उभी राहते, सांगा कुठं सही करायची.’

सही करण्याआधी ऐपत दाखवावी लागते. राहतं घर त्यांचं स्वतःचं, चाळीसेक वर्षांचं, घरपट्टी नियमित भरलेली, असेसमेंटचा उतारा त्यांच्या नावावर. पण खालच्या जमिनीचा सातबारा त्यांच्या नावावर नाही. कोकण किनाऱ्यावरच्या कित्येक कोळीवाड्यांची हीच स्थिती: पिढ्यान्‌पिढ्या घरं आहेत, जमिनीचा हक्क कागदावर नाही. मग नवऱ्याच्या गावची जमीन काढली. सातबाऱ्यावर आजेसासऱ्यांपासूनची नावं, काही मयत, काहींचे वारस लागलेले, काहींचे नाहीत. क्षेत्र सामाईक, वाटप झालेलं नाही, निम्मे हिस्सेदार मुंबईत. तलाठ्यांनी उतारा दिला. तहसील कार्यालयात ऐपतीच्या दाखल्याला प्रश्न आला की यातला यांचा हिस्सा किती आणि त्याची किंमत कशी धरायची? इतर सहहिस्सेदारांची संमती आणा. भावकीतल्या वीसएक माणसांनी एका परप्रांतीय कैद्याच्या जामिनासाठी संमती द्यावी, अशी अपेक्षा करणंच गैर होतं. मावशींनी गळ्यातली पोत गहाण ठेवू का, असंही विचारलं. पण कोर्टाने मागितला होता माणूस, पैसा नव्हे.

सामाईक सातबाऱ्याचा हा प्रश्न कोकणी माणसाला नवा नाही. त्याच्यामुळे कर्ज अडतं, घरदुरुस्ती अडते, विक्री अडते. पण त्याच कागदामुळे तुरुंगाचं दार अडतं, याची चर्चा मी फारशी ऐकलेली नाही. आणि ते फक्त परप्रांतीयांचं अडत नाही. चिरेखाणीवरचा विजापूरकडचा मजूर अडतो, तसा रायगडातला कातकरीही अडतो, ज्याच्या दहा पिढ्या याच मातीत गेल्या आणि ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. ‘सक्षम’ या शब्दाचा अर्थ जमीनवाला असा लावला की कोकणात निम्मं गाव अपात्र ठरतं. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला मात्र धंदेवाईक जामीनदार मिळतो. तो आरोपीला ओळखतही नसतो. म्हणजे आरोपीला तीन वर्षं रोज बघणाऱ्या बाईची हमी चालत नाही आणि तोंडओळख नसलेल्याची चालते. यात आरोपी तारखेला येईल याची खात्री कुठे वाढली?

आत काय चाललं होतं, ते अधिक गंभीर आहे. दर १४ दिवसांनी व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर, तो कोर्टापुढे यायचा. पडद्यावर मिनिटभर चेहरा, पुढची तारीख, संपलं. वकील कोर्टात, हा कारागृहात, मधे बोलायला जागा नाही. बराकीत त्याला अनुभवी सल्ला मिळाला: गुन्हा कबूल कर, भोगली तेवढी शिक्षा धरून सोडतील, चार महिन्यांत घरी जाशील. खटला लढायचा तर जामीनदार हवा, जामीनदार नाही तर आत बसून लढ, आणि तसं लढायला वर्ष लागेल. हा हिशेब घातला की निर्दोष माणसालाही कबुली स्वस्त वाटते. त्याने जुलैत वकिलांना तसा निरोप पाठवला होता. वकिलांनी थांबवलं.

थांबवलं ते बरं झालं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने न्यायालयीन बंद्यांना मोठा दिलासा दिला, असं आपण ऐकतो. पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की जामिनावर सोडायचं आणि तसा अर्ज अधीक्षकांनीच करायचा. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद जुन्या खटल्यांनाही लागू केली. तरतूद चांगलीच आहे. पण पहिल्यांदाचा आरोपी म्हणजे आधी कधीही दोषी न ठरलेला. आज कबुली दिली की हा माणूस त्या सवलतीतून कायमचा बाहेर. उद्या दुसऱ्या कुणाच्या बॅटऱ्या गेल्या की संशय पुन्हा त्याच्यावर, आणि या वेळी अर्धी शिक्षा होईपर्यंत वाट पाहायची. आपल्या प्रकरणात सात वर्षांचा एक तृतीयांश म्हणजे २८ महिने. जामीन तर पंधरा-सोळा दिवसांतच मंजूर झाला होता. त्याला कलम ४७९ ची गरजच नव्हती.

आणखी एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. १९५८ च्या गुन्हेगार परिवीक्षा कायद्याच्या कलम ३ मध्ये जुन्या दंड संहितेची ३७९, ३८०, ३८१ ही चोरीची कलमं आकड्यांनिशी आहेत. नोकराने केलेली चोरी म्हणजे जुनं ३८१, आजचं ३०६. आधी कधी दोषी न ठरलेल्या माणसावर हा गुन्हा सिद्ध झाला, तरी कोर्ट त्याला केवळ ताकीद देऊन सोडू शकतं. शाबीत झाल्यावर ज्याला एकही दिवस तुरुंगात न धाडता घरी पाठवता येतं, त्याला शाबीत होण्याआधी तीन महिने ठेवलं गेलं.

मग गरीब कैद्यांसाठीची केंद्राची योजना कुठे होती? २०२३ च्या या योजनेत न्यायालयीन बंद्याला जामिनासाठी मदत मिळते; २०२३ च्या नियमांत तिची मर्यादा ४०,००० रुपये होती. जिल्हाधिकाऱ्यांचे प्रतिनिधी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक, प्राधिकरणाचे सचिव आणि एक न्यायाधीश यांची समिती ती मंजूर करते. अमली पदार्थ किंवा मनी लाँडरिंगसारखे गुन्हे वगळलेले आहेत, चोरी नाही. म्हणजे हा खलाशी बसत होता. पण योजना पैसे देते, माणूस देत नाही. आदेशात रोख रकमेचा पर्याय नव्हता, तर मंजूर झालेले पैसे भरायचे कुठे? सरकारची तिजोरी उघडी, कोर्टाचा आदेश झालेला, कारागृहाची नोंद चोख, आणि तीन शब्दांपाशी सगळं थांबलेलं.

१२ जुलैला महिना झाला. कोर्टाने स्वतःहून अट तपासावी असं निर्देश सांगतात, पण त्यात ‘करता येईल’ आहे, ‘करावंच’ नाही. तालुक्याच्या कोर्टावरचा कामाचा ढीग पाहता ‘करता येईल’ हे बहुधा होत नाही. वकिलांनी अट बदलण्याचा अर्ज दिला. सरकारी पक्षाच्या ‘से’साठी, म्हणजे लेखी म्हणण्यासाठी, तारीख, मग साहेब रजेवर म्हणून तारीख, मग सुनावणी. तोवर ऑगस्ट उजाडला, नौका पाण्यात गेल्या, खलाशी परतले. तांडेल कोर्टात येऊन बसला. दुसऱ्या एका मालकाने लिहून दिलं की सुटला तर माझ्या नौकेवर काम देतो. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आदेश बदलला: जातमुचलका, जामीनदाराऐवजी ५,००० रुपये रोख, दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी. जामीनदाराऐवजी रोख रक्कम घेण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९० मध्ये आहे. नवीन काहीही शोधावं लागलं नाही. समितीकडे अर्ज नेईपर्यंत थांबायला कुणी तयार नव्हतं. खलाशांनी वर्गणी काढली, मावशींनी वरचे घातले. सुटकेचा आदेश कारागृहात पोहोचला तेव्हा संध्याकाळची बंदी झालेली होती, म्हणून तो दुसऱ्या दिवशी, २८ ऑगस्टला सुटला.

हाच आदेश १२ जूनला होऊ शकला असता. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते तुरुंग सुधारणेच्या एकूण चर्चेला धरून आहे. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२, म्हणजे ७५.८ टक्के, न्यायालयीन बंदी. क्षमतेच्या १३१.४ टक्के भरलेल्या या तुरुंगांवर उपाय म्हणून नव्या इमारतींचा विचार आधी होतो. नव्या बराकी लागतील तिथे जरूर बांधाव्यात. अलिबागचं कारागृह कान्होजी आंग्र्यांनी १७२० मध्ये बांधलेल्या हिराकोटात आहे, तिथे जागा वाढवायला मर्यादा आहेतच. पण कोर्टाने सोडलेल्या माणसाला ठेवायला जागा कशाला बांधायची?

पळून जाण्याच्या भीतीवर मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण तो आक्षेप खोटा नाही. हंगामी मजूर गावी गेला आणि परतला नाही तर खटला लटकतो, फिर्यादी हात चोळत बसतो. पण मग माणसाला परत आणणारी गोष्ट कोणती? हुसैनारा खातून प्रकरणात न्या. भगवती यांनी १९७९ मध्ये याची उत्तरं दिलेली आहेत: माणूस किती काळ तिथे राहतो, काम काय करतो, नातीगोती कुठे आहेत, त्याच्याबद्दल खात्री देणारं कोण आहे. हे पाहून जातमुचलक्यावर सोडता येतं. आणि ही माहिती किनाऱ्यावर अगदी सहज मिळते. २६/११ नंतर समुद्रात जाणाऱ्या प्रत्येकाची ओळख नोंदवण्यावर सरकारने भर दिला, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं देण्याची योजना आणली, नौकेवर कोण कोण आहे याची यादी मागितली जाते. सुरक्षेसाठी सरकारला हा खलाशी नावानिशी माहीत आहे. तोच माणूस कोर्टात उभा राहिला की ‘पत्ता नाही’. पोलिसांनी किंवा विधी स्वयंसेवकाने पहिल्या रिमांडच्या दिवशी ही यादी, तांडेलाचा फोन, खानावळीची वही आणि गावच्या घराचा पत्ता एका कागदावर कोर्टापुढे ठेवला असता, तर न्यायाधीशांना सातबाऱ्याशिवायही काहीतरी हाती लागलं असतं. अटक २७ मेची. बंदर तेव्हा भरलेलं होतं.

म्हणून विधी सेवा प्राधिकरणांना आग्रहाने सांगावंसं वाटतं की मेच्या शेवटच्या पंधरवड्यात बंदरांवर एक स्वयंसेवक ठेवा. हिशेबाची भांडणं तेव्हाच होतात, अटका तेव्हाच होतात, आणि साक्ष द्यायला माणसं तेव्हाच असतात. कोर्टांना विनंती, की जामीनदार मागायचाच असेल तर त्याच वाक्यात ‘अथवा रोख’ लिहावं, म्हणजे योजनेचे पैसे तरी भरता येतील. आणि उच्च न्यायालयाने महिन्यानंतरच्या फेरतपासणीची ‘येईल’वर सोडलेली बाब आपल्या अखत्यारीतल्या कोर्टांना बंधनकारक करावी. कायद्यात दुरुस्ती यातल्या एकाही गोष्टीला लागत नाही.

खलाशी सध्या नव्या मालकाच्या नौकेवर आहे. दोषारोपपत्र जुलैतच दाखल झालं, खटला अजून उभा राहिलेला नाही. त्याने आतापर्यंतच्या सगळ्या तारखा पाळल्या. अडचण रविवारच्या हजेरीची आहे. नौका एकदा बाहेर पडली की तीन-चार दिवस परतत नाही, आणि एक हजेरी चुकली तरी अटीचा भंग होतो. त्यामुळे तो दर आठवड्याला एक फेरी सोडतो आणि तेवढा पगार कापला जातो. नौका बंदराला लागेल त्या दिवशी हजेरी धरावी, असा अर्ज वकिलांनी दिला आहे. सरकारी पक्षाचं ‘से’ यायचं आहे.